चंद्राबाई घरीच असते

कोपरखैरण्याच्या सेक्टरांमधून आज जी पोरं कॉलेजला चालली आहेत, त्यांतल्या निदान शंभरेकांना चंद्राबाईनं उघडंनागडं पाहिलंय. पोरांना ते ठाऊक नाही, हे त्यांचं नशीब. बोनकोड्याची ही बाई गेली सव्वीस वर्षं घरोघरी जाऊन बाळंतिणींना तेल लावते आणि बाळांना न्हाऊ घालते. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ निजवायचं आणि मग हात चालू. सातव्या मजल्यावरच्या संगमरवरी बाथरूममध्येही तिला पाट लागतोच. घरात नसेल तर ती शेजाऱ्यांकडून मागवते, आणि शेजारी तो देव्हाऱ्याखालून काढून देतात.

नवरा गंगाराम खाडीत जाळं टाकायचा. तो गेला तेव्हा दीपेश पाच वर्षांचा होता. नातेवाइकांनी चार दिवस हळहळ केली आणि पाचव्या दिवशी जो तो आपापल्या वाटेला लागला. चंद्राबाईच्या हातात होता तो फक्त हात. त्याच हातानं तिनं पोराला शाळेत घातलं, डिप्लोमा करवला, आणि ऐरोलीच्या कंपनीत एसीत बसवलं.

हात म्हणजे काय, ते बघायला हवं. कितीही किंचाळणारं पोर असो, टाळूवर तिची तीन बोटं टेकली की त्याचा आवाज उतरायला लागतो. नव्या आयांना ती पहिल्याच दिवशी सुनावते. पोर रडलं की बाळंतीण घाबरते, बाळंतीण घाबरली की तिची आई घाबरते, आणि मग सगळ्या मिळून मोबाइलमध्ये डोकं घालतात. "आदी तुमी चा प्या," ती म्हणते, "पोराचा मी बगते." दूध पाजल्या पाजल्या अंघोळ नको. पाणी बोटानं नाही, कोपरानं बघायचं. नाकाकानात तेल घालू नका असं पोरांच्या एका डॉक्टरीणबाईनं सांगितलं, तेव्हा तिनं ते त्या दिवसापासून बंद केलं. धुरीही सोडली. "ती शिकलेली हाय, तिला कलतं," एवढंच म्हणाली. इतका मोकळेपणा आपल्यातल्या शिकलेल्यांनाही जमत नाही.

पण हे सगळं नातं सव्वा महिन्याचं. चाळिसाव्या दिवशी साडी-नारळ हातात पडतो, घरची म्हातारी म्हणते, "येत जा गं अधूनमधून," आणि दार लागतं. अधूनमधून कोण जातंय आणि कोण बोलावतंय! बाजारात कधी एखादी आई ओळख देते, "बघ, ह्या मावशींनी तुला न्हाऊ घातलंय," म्हणते, आणि ते पोर लाजून आईच्या मागे लपतं. चंद्राबाई हसते, कोथिंबीर घेते आणि घरी येते. घरी कोणी नसतं. दीपेशनं लग्नानंतर उलव्याला फ्लॅट घेतला. आईला आग्रहानं नेलंही होतं. आठ दिवस ती चौदाव्या मजल्याच्या खिडकीशी बसली, नवव्या दिवशी म्हणाली, "मना सोर घरी." त्याला राग आला नाही, आणि ह्याचंच तिला वाईट वाटलं.

आता तिच्या हातून झालेली चूक सांगतो. चूक साधी होती, आणि मायेपोटी झालेली होती, म्हणूनच ती निस्तरता आली नाही.

दीपेशचं जमलं ते जुईनगरच्या अस्मिताशी. माणसं मूळची साताऱ्याकडची. वडील बँकेतून निवृत्त, आई अरुणाताई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. पहिल्या भेटीला जाण्याआधी दीपेशनं शर्टाची बटणं लावता लावता विचारलं होतं, "आई, तू काय करतेस म्हणून विचारलं तर?" त्यानं नुसतं विचारलं होतं. उत्तर तिनंच दिलं. "सांग, घरीच आसते. दुसऱ्याच्या न्हानीघरात बसनाऱ्या बाईचा पोर म्हनून तुला कोन पोरगी देल?" तो म्हणाला, असं काही नसतं. ती म्हणाली, तुला कळत नाही. आणि त्यानं ऐकलं. अशा बाबतीत पोरं पटकन ऐकतात.

चार वर्षं ते खोटं सुखानं नांदलं. उलव्याला राहणाऱ्या अस्मितालाही कधी कळलं नाही. सणावारी अरुणाताई फोन करायच्या, "काय म्हणताय विहीणबाई, आराम चाललाय ना?" आणि चंद्राबाई तेलाचे हात पदराला पुसत म्हणायची, "हो, घरीच हाय."

मग अस्मिताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. त्याबद्दल चंद्राबाईची तक्रार नव्हती. तिला हवी होती ती एकच गोष्ट. गुडघे आता बोलायला लागले होते. खाली बसणं बंद करा म्हणून डॉक्टरनं दोनदा बजावलं होतं. दोन-चार महिन्यांत हा धंदा संपणार हे तिला कळत होतं. त्याआधी नातवाला एकदा पायावर घ्यायचं. हजारभर परक्या पोरांना न्हाऊ घातल्यावर एक आपलं. ह्यात काय जास्त मागितलं?

पण मागणार कोणत्या तोंडानं? घरीच असणाऱ्या विहिणीला असा हात असतो होय?

मुलगा झाला. दवाखान्यात तिनं त्याला दुपट्यात गुंडाळलेला पाहिला. नाक आणि एक मूठ एवढंच दिसलं. दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, दीपेश तिला जुईनगरला घेऊन गेला. तिनं डिंकाचे लाडू केले होते, नवं लुगडं नेसली होती, आणि रात्रीच गुडघ्यांना मलम चोळून ठेवलं होतं. का चोळलं, ते तिनं दीपेशला सांगितलं नाही.

ती दोघं पोचली तेव्हा अंघोळीचीच वेळ होती. अरुणाताईंनी हौसेनं हाताला धरून तिला बाथरूमच्या दाराशी खुर्ची दिली. "बसा, बघा तुमच्या नातवाचा थाट! बाई फार छान मिळालीय. बोनकोड्याच्या कुणा म्हाताऱ्या बाईच्या हाताखाली शिकलीये म्हणे. त्या बाईच्या हाताला तर म्हणे देवाचा गुण आहे."

आत पाटावर जयमाला बसली होती. दोन पावसाळे चंद्राबाईच्या मागे मागे पिशवी घेऊन हिंडलेली जयमाला. तिनं वर पाहिलं, तिचा चेहरा फुलला, तोंडात "मावशी" आलंसुद्धा. चंद्राबाईनं डोळ्यांनी नको म्हटलं. जयमालानं मान खाली घालून तेलाची वाटी जवळ ओढली. पोरगी शहाणी होती.

बाळ रडत होतं. जयमालाचा हात चांगला होता, पण घाईचा. चंद्राबाईची बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली. तिनं पदर घट्ट धरून ठेवला. दुसऱ्या हातात अरुणाताईंनी दिलेला चहा गार झाला. नातू तीन हातांवर होता, त्याच्या पोटऱ्या गंगारामसारख्या बारीक होत्या, आणि ती पाहुणी म्हणून खुर्चीत बसली होती.

तेवढ्यात जयमाला थांबली. तिनं बाळाला उचलून धरलं आणि चंद्राबाईकडे न बघता म्हणाली, "आजी, शेवटचं पानी आजीच्या हातचं घालतात आमच्यात. तुमी घेता का पायावर?"

असं काही कुणाच्यात नसतं. जयमालानं ते तिथल्या तिथे बनवलं होतं. देव तिचं भलं करो.

"अगंबाई, खरंच की!" अरुणाताई म्हणाल्या. "या ना विहीणबाई. जमेल ना?"

चंद्राबाईनं कप खाली ठेवला. खुर्चीचे हात धरून ती उठलीही. काय व्हायचं ते तिला स्वच्छ दिसत होतं. एकदा बाळ पायावर आलं की हात लपणार नाही. तो सव्वीस वर्षांचा हात, तो बरोब्बर पडणार, पोर गप्प होणार, आणि मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईला काय ते समजणार. समजू दे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. मनापासून वाटलं.

"नको," मागून दीपेश म्हणाला. "आईचे गुडघे दुखतात. तिला खाली बसता येत नाही."

कुणाच्याही लक्षात काही आलं नाही. गुडघे दुखत होतेच. अरुणाताईंनी "अरेरे, मग राहू दे, राहू दे" म्हणत तिला पुन्हा बसवलं. चंद्राबाईनं वळून पोराकडे पाहिलं. तो मोबाइल बघत होता. मोबाइलचा पडदा काळा होता.

अंघोळ झाली. पुसून, पावडर लावून, गुंडाळून बाळ तिच्या मांडीवर दिलं, तेव्हा ते झोपलं होतं. फोटो काढले. "उठवू नका हं," अस्मिता आतून प्रेमानं म्हणाली.

परत येताना दीपेशनं स्कूटर तुर्भ्याच्या सिग्नलला थांबवली. मान न वळवता म्हणाला, "आई, तूच सांगितलं होतंस ना तेव्हा. आता चार वर्षांनी कसं सांगायचं? काय वाटेल त्यांना?"

"तुजा बरोबर हाय," ती म्हणाली. वाद घालावा असं त्यात काही नव्हतं. शब्द तिचाच होता, पोरानं फक्त पाळला. असा आज्ञाधारक मुलगा वैऱ्यालाही मिळू नये.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती सेक्टर सोळामधल्या एका घरी पाटावर बसली होती. गुडघे कुरकुरत होते. पायावर पंधरा दिवसांची मुलगी होती, आणि दारात उभी राहून तिची आजी गप्पा मारत होती. बाई बोलघेवडी होती. तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला नातवंडं किती हो?"

"एक. आता अकरा दिवसांचा झाला."

"अय्या! मग काय, मजा आहे त्याची. त्याला तुम्हीच घालत असाल अंघोळ!"

चंद्राबाईनं तांब्या बुडवला, कोपरानं पाणी पाहिलं.

"मंग? दुसरा कोन घालनार?" ती म्हणाली. "लय रडतो. पानी टाकला का हात-पाय झाडतो. पन मी टालूवर हात ठेवला ना, का गप्प."

त्या आजीनं कौतुकानं आणखी विचारलं, कुणासारखा दिसतो, अंग कसं आहे, झोपतो किती. चंद्राबाईनं सगळं सांगितलं. पाणी संपेपर्यंत ती सांगत होती.