वहिनीवर घेतलेला आळ

रत्नागिरीत कॉलेजला होते तेव्हाची गोष्ट... ऐंशीचं दशक. एका दुपारी वर्गातच पोटात अशी कळ आली की मैत्रिणींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

रक्त काढलं. थोड्या वेळाने लॅबवाल्याने नळी आणून डॉक्टरांना दाखवली... लाल रक्त खाली बसलेलं, आणि वर पिवळसर पाण्याऐवजी चक्क नारळाच्या दुधासारखं पांढरं! रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स, भयंकर वाढली होती. त्याने स्वादुपिंडाला सूज आली होती.

डॉक्टरांनी तेल, तूप, नारळ सगळं बंद केलं. घरात रांधायची सुमनवहिनी. बुरोंडीची, नवीनच लग्न झालेलं. दादा मुंबईला नोकरीला, त्यामुळे ती आमच्याजवळ असायची. माझ्यासाठी वेगळी पेज, उकडलेली भाजी करायची आणि स्वतःही तेच जेवायची. "एकटीने बेचव खाणं जड जातं, वन्सं."

पुढच्या तपासणीत रक्त तसंच पांढरं. डॉक्टर वैतागले, "ही चोरून खातेय." मी शपथा घेतल्या. बाबांनी माझ्याकडे नाही, वहिनीकडे पाहिलं. "तूच देत असशील. लाडाने मारशील पोरीला!"

आईसुद्धा म्हणाली, "खरं सांग गो..."

"मी नाही दिलं," वहिनी एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून आईने तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही. काही दिवसांतच ती माहेरी निघून गेली... मी रडून सांगत होते, पण माझं कोण ऐकणार?

आईच्या हातचं खाऊनही रक्त पांढरंच. मग मात्र बाबा एसटीने मला मुंबईला घेऊन गेले, दादाने मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी माझ्या गालांवरचे लाल चट्टे पाहिले, बोटांचे सांधे दाबले. "सकाळी आखडतात का गं?" आखडत होते... तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

तपासण्या झाल्यावर त्या बाबांना म्हणाल्या, "हिची प्रतिकारशक्तीच हिच्यावर उलटली आहे. चरबी पचवणारा जो रस रक्तात लागतो, तोच ती निकामी करतेय. नुसत्या पथ्याने भागणार नव्हतं. पोरीने चोरून काही खाल्लेलं नाही."

प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू रक्त निवळलं.

बाबा मुंबईहून परस्पर बुरोंडीला गेले. वहिनीपुढे हात जोडून म्हणाले, "चुकलो पोरी. घरी चल." तिने त्यांना पाणी दिलं. "वन्सं बऱ्या झाल्या ना, मामंजी? मग झालं. पण त्या घरात राहायला मी नाही येणार."

दादाने मुंबईत खोली केली, त्यांचा संसार तिथेच झाला... चांगला झाला. सणाला यायची, सगळ्यांशी हसून बोलायची. पण पडवीत बसायची, पाहुणीसारखी. आईने किती हाका मारल्या तरी आत यायची नाही. आई शेवटपर्यंत हळहळत राहिली.

आज साठी ओलांडली, अजून गोळ्या चालू आहेत. माझ्या दुखण्याचं खरं कारण कळायला वेळ लागणारच होता... तोवर वहिनीच्या एका शब्दावर विश्वास ठेवायला काय हरकत होती, असं राहून राहून वाटतं.