अर्जदाराची बहीण

माझ्या आत्याला अख्खं गाव 'कात्री' म्हणतं. तोंडावर म्हणायची कुणाची बिशाद नाही, पण तिला ठाऊक आहे. धंदा तिचा शिवणकामाचा: शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. नाव मात्र पडलं ती नगरपालिकेत निवडून गेल्यावर आणि परवाना समितीची अध्यक्ष झाल्यावर. रात्री उशिरापर्यंत दारू विकायची परवानगी कुणाला द्यायची आणि कुणाची वेळ कापायची, हे ती समिती ठरवते.

तिची एक पद्धत होती. अर्ज आला की हातातलं शिवण घेऊन ती भर दुपारी त्या बारच्या दारात जाऊन बसायची. मालकाने कितीही आग्रह केला तरी आत जायची नाही, पाणीसुद्धा घरचं. टाके घालता घालता पायऱ्या बघायची, दिवा बघायची, बाहेर पडणारा माणूस थेट गाड्यांसमोर येतो का ते बघायची. उठताना मालकाला एकच प्रश्न, "सगळ्यात शेवटी उठणारा घरी कसा जाणार?" एका पठ्ठ्याने तिच्यावर छाप पाडायला चकचकीत गाडी दारात आणून ठेवली होती. "गिऱ्हाइकांना सोडायला," म्हणाला. आत्या म्हणाली, "छान. जरा चालू करून दाखवा." गाडीत इंजिनच नव्हतं, गॅरेजमधून ढकलत आणलेली. त्यानंतर त्या माणसाला गावाने सुखाने जगू दिलं नाही.

आता आमचं घरचं सांगते. आमचाही बार आहे. मालक माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, आणि गल्ल्यावर मी. त्यांची आई गेली तेव्हा बाबा लहान होते. आत्याने शाळा सोडली, मशीनवर बसली आणि त्यांना वाढवलं. आजही ती त्यांना 'बाळ्या' म्हणते, आणि पन्नाशीचा हा बाळ्या ओ देतो.

आमचा बार बाराला बंद होतो. पलीकडच्या चौकात दोन नवे बार आले, त्यांना समितीनेच दोनपर्यंतची परवानगी दिली. मग आमची गिऱ्हाइकं अर्ध्या गप्पा टाकून उठायची आणि तिकडे जायची. बाबांनी तीस वर्षं जिवापाड जपलेली जागा डोळ्यांदेखत ओस पडत होती. शेवटी त्यांनीही दोनपर्यंतचा अर्ज केला.

"ताई आहे ना तिथं," ते म्हणाले.

आत्या जेवायला आली तेव्हा तिने आधीच सांगून टाकलं, "बाळ्या, नात्यातला अर्ज असला की मला खुर्ची सोडावी लागते. मी मत देणार नाही."

"नियम म्हणजे नियम," बाबा खुशीत म्हणाले. समितीतले बाकीचे सगळे आमच्याच बाजूचे होते. अर्ज मंजूर होणार, यात कुणालाच शंका नव्हती.

सभा दुपारी होती. अर्ज पुकारला तशी आत्या उठली, खुर्ची उपाध्यक्षांना दिली. ते औषधांचे दुकानदार, भला माणूस. आम्हाला वाटलं ती बाहेर जाईल. ती वळसा घालून आली आणि लोकांच्या बाकावर बसली. कुणाची हरकत आहे का, असं विचारल्यावर तिने हात वर केला.

कारकुनाने सवयीने विचारलं, "अर्जदाराशी नातं?"

"बहीण. सख्खी."

सगळे हसले. बाबाही हसले. त्यांना वाटलं, ही आपली बाजू मांडायला उभी राहिली.

"माझा भाऊ फार चांगला माणूस आहे," आत्या म्हणाली, "म्हणूनच त्याला दोनपर्यंतचा परवाना देऊ नका."

हसू जागच्या जागी विरलं.

"पलीकडच्या दोघांना मीच परवानगी दिली. त्यांच्या दारात धट्टाकट्टा माणूस उभा असतो. त्याला कुणाशी देणंघेणं नाही, जास्त झालं की तो सरळ बाहेर काढतो. बाळ्याचं सगळ्यांशीच देणंघेणं. कुणी रडलं की हा त्याला आणखी एक भरून देतो आणि वर खांद्यावर हात ठेवून ऐकत बसतो. आपला रंगारी गेल्या वर्षी असाच उठून गेला आणि वळणावर ट्रकखाली आला. पाय गेला त्याचा. बाळ्या दर आठवड्याला त्याला भेटायला जातो, घरी येऊन जेवत नाही. त्याला नाही म्हणता येत नाही हो. बारा वाजले की घड्याळ त्याच्या वतीने नाही म्हणतं. बारानंतर कोण म्हणणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही स्वतःच्या भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडत होती. आणि त्यातला शब्द न शब्द खरा होता, त्याचा मला जास्त राग आला.

बाबा उभे राहिले. "ताई, मी शिकेन. म्हणेन नाही."

"मग आत्ताच म्हण," आत्या म्हणाली. "मी तुझ्याकडे एक मागते. अर्ज मागे घे. म्हण मला नाही."

बाबांनी तोंड उघडलं. उपाध्यक्ष पुढे वाकले, कारकुनाने लिहायचं थांबवलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा ना बाबा, एवढासा तर शब्द आहे! बाबांचे ओठ हलले, मान खाली गेली.

"घेतो मागे," ते म्हणाले.

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि आत्याने वळून असं बघितलं की तो गप्पच झाला.

लोक तिला कडक म्हणतात, दगड म्हणतात. मी त्या दिवशी तिचे हात पाहिले. बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. जिवापलीकडे जपलेला एकुलता एक भाऊ आपल्यापासून तुटेल, हे माहीत असून ती उभी राहिली होती. एवढी छाती मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

बाहेर आवारात ती बाबांच्या मागे जवळजवळ धावतच आली. "बाळ्या, घरी चल. जेवून जा."

बाबा थांबले. वळले. तिच्याकडे सरळ बघत म्हणाले, "नाही."

आयुष्यात पहिल्यांदा. आत्या तिथेच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले आणि ओठांवर हसूही आलं, दोन्ही एकदमच.

"जमलं की रे तुला," ती म्हणाली, पण तोवर बाबा फाटकाबाहेर गेले होते.