कोठीत उरलेली सहा ब्लँकेटं

किक्विट शहरातल्या मेनोनाइट पंथाच्या चर्चच्या आवारात रोज सकाळी चूल पेटवायची ती काफुचीच. बावन्न वर्षांची, हाडापेराने दणकट, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कसाई प्रांतात टोळ्यांची कापाकापी सुरू झाली आणि तिथून जीव घेऊन पळालेली माणसं जंगलातून पायी यायला लागली, तेव्हा चर्चने बाक भिंतीला लावले आणि आत चटया अंथरल्या. पाद्री किकुंगांनी फाटकावर मदतकेंद्राची पाटी लावली. पण गावात कुणी वाट विचारली, की लोक सांगायचे, “काफुचीकडे जा.”

तिची रीत ठरलेली. दारात कुणीही येवो, आधी तिने स्वतः त्याच्या हातावर पाणी घालायचं, मग फुफूचा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा, गोळा आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी वाढायची, आणि नाव-गाव सगळ्यात शेवटी. यादी लिहिणारी किडिंडा यावरून रोज कटकट करायची.

“अगं माय, आधी नाव लिहू दे की! लोक दोनदा जेवून जातात.”

“जाऊ देत. दोनदा जेवतो त्याला एकदाचं पुरलं नसेल.”

जेवण झालं की मात्र ती प्रत्येकाला एक प्रश्न विचारायची. तिची धाकटी लेक गासांजी ही लोआंगे नदीपलीकडच्या गावात एका शाळामास्तराला दिली होती. पाच महिने झाले, काही कळलं नव्हतं. कुणी तिला पाहिलंय का?

जूनमध्ये एक म्हातारा आला. पोटभर जेवला, बोटं चाटली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“तू गासांजीची आई ना? चेहरा तोच आहे.”

काफुची खाली बसली. म्हातारा गासांजीचा शेजारी निघाला. टोळी सकाळी आली, म्हणाला. मास्तरला शाळेच्या दारातच मारलं. गासांजी शेतात होती. आरडाओरडा ऐकून धावत आली, ती आली नसती तर वाचली असती.

“कोण होते ते?”

“चिलुबा भाषा बोलत होते.”

चिलुबा बोलणाऱ्यांच्या गावांत हेच सगळं पेंडे बोलणाऱ्या, म्हणजे काफुचीच्याच भाषेच्या टोळ्यांनी केलं होतं. ते म्हातारा बोलला नाही आणि काफुचीनेही विचारलं नाही. ती उठली आणि दुपारचं जेवण वाढायला लागली. दीडशे माणसं होती. कुणाला भाजी कमी पडली नाही.

अकरा दिवसांनी फाटकात एक बाई उभी राहिली. पाठीला दोन वर्षांची मुलगी बांधलेली, पाय सुजून फुटलेले. काफुची पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली.

“मोयो, माय,” बाई म्हणाली.

चिलुबा बोलणारेच असा नमस्कार करतात. काफुचीने तांब्या तिथेच जमिनीवर ठेवला. “किडिंडा, हिचं तू बघ,” म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

बाईचं नाव न्गालुला, मुलीचं कापिंगा. किडिंडाने त्यांना दारालगतची जागा दिली, कारण आतल्या बायकांनी आपापल्या चटया ओढून घेतल्या होत्या. कोरड्या ऋतूतली हवा पहाटे दाराच्या फटीतून थेट अंगावर यायची. चौथ्या दिवशी न्गालुला कोठीच्या दाराशी आली. मोडक्यातोडक्या पेंडेत म्हणाली,

“माय, एखादं पांघरूण मिळेल का? पोर खोकतेय. जमीन फार गार आहे.”

“संपली.”

काफुचीच्या मागे फळीवर सहा ब्लँकेटं घडी घालून ठेवलेली होती. न्गालुलाने एकदा तिच्याकडे पाहिलं.

“बरं, माय.”

दुसऱ्या दिवशी कापिंगाला ताप भरला. किडिंडा तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. छातीत कफ दाटला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली.

पाद्री किकुंगा कोठीशी आले. “काफुची, मुलीला गुंडाळायला काहीतरी दे.”

तिने फळीवरचं वरचं ब्लँकेट काढलं आणि स्वतःच घेऊन गेली. न्गालुला लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने ब्लँकेटचा काठ बोटांत धरला, रडणं थांबवलं.

“त्या दिवशी तुझ्या खांद्यावरून दिसत होती मला,” ती म्हणाली. “सहा होती. मी मोजली.”

भोवतीच्या बायकांना काही कळलं नाही. काफुचीला मात्र कळलं.

पुरून आल्यावर तिने पाद्र्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “नर्स सांगत होती, आजार आधीपासूनचाच होता. ब्लँकेटने कदाचित...”

“नर्सला काय विचारता? मला विचारा. पोर मरावी असं मला वाटलं नव्हतं. पण तिच्या आईला थंडी वाजावी, असं वाटलं होतं.”

रविवारी प्रभुभोजनाआधी पाय धुण्याचा विधी होता. बायका जोडीजोडीने बसतात. एकीने दुसरीचे पाय धुवायचे, मग दुसरीने पहिलीचे, आणि शेवटी गळाभेट. काफुची परात घेऊन न्गालुलापुढे गुडघ्यांवर बसली. सगळ्या बायकांसमोर, मोठ्याने, तिने कोठीतली गोष्ट सांगितली. गासांजीचं नाव तिने घेतलं नाही. घेतलं असतं तर ते कारण दिल्यासारखं झालं असतं.

न्गालुलाने पाय पुढे केले. टाचांच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. काफुचीने ते धुतले, पुसले. मग आपले पाय पुढे करून ती वाट बघत बसली. न्गालुलाने चपला घातल्या आणि बाहेर निघून गेली.

पुढचे चार महिने ती तिथेच राहिली. कसाव्याचा पाला कुटायला बसायची, इतरांशी दोन शब्द बोलायची, पण ताट किडिंडाच्याच हातून घ्यायची. चटया मात्र हळूहळू तिच्या जवळ सरकल्या. काफुचीने एकदाही तिच्या वाटेत उभं राहून क्षमा मागितली नाही.

ऑक्टोबरात न्गालुलाच्या गावाकडे ट्रक निघाला. काफुचीने वाटेत खायला केळीच्या पानात कसाव्याची भाकर आणि भाजलेल्या सुरवंटांची पुडी बांधून किडिंडाजवळ दिली.

“कुणी बांधलं?” न्गालुलाने विचारलं.

किडिंडाला खोटं बोलता आलं नाही.

न्गालुलाने गाठोडं हातात तोलून पाहिलं आणि ट्रकमध्ये टाकलं. वर चढल्यावर वाकून म्हणाली, “तिला सांग, कापिंगावर गवत वाढू देऊ नकोस. मला परत यायला जमणार नाही.”

दुसऱ्या दिवशी काफुची कुदळ घेऊन दफनभूमीत गेली. पाऊस सुरू झाल्याने गवत गुडघाभर माजलं होतं. केंद्रातल्या आणखी चार जणांना त्याच रांगेत पुरलं होतं. त्यांचंही मागे कुणी नव्हतं. तिने पाचही जागा साफ केल्या. परत आली तेव्हा उन्हं वर आली होती, चूल थंडच होती, आणि किडिंडा चिडून लाकडं फोडत होती.

“सगळे उपाशी बसलेत, माय!”

“आले,” काफुची म्हणाली आणि चिखलाचे हात धुवायला गेली.