फितीवरून कापलेलं नाव

बापू, हे मी आजवर घरच्या कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. तात्यांच्या ओवीची फीत मी कापली आहे.

देशोदेशींची गाणी गोळा करणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या जीपमध्ये मी इंदापुरात चढलो, तेव्हा तात्या मेंढरं तुझ्यावर सोपवून आले होते. म्हणाले, "माजा आवाज तुज्यासंगं लंडनला चाललाय. तितं कुनी इचारलं तर सांग, माज्या बाचा हाय." मी मान हलवली. त्याला सहा वर्षं झाली.

निघायच्या आदल्या आठवड्यात पळसदेवच्या देवळात साहेबांनी आवाज टिपायचं यंत्र मांडलं होतं. तात्यांनी कानावर हात ठेवून ओवी उचलली, तुम्ही मागून झेललीत. शेवटी नेहमीप्रमाणं त्यांनी स्वतःचं नाव गुंफलं: पळसदेवचा मेंढका मारुती बिरू, त्याचा लेक मास्तर झाला. साहेबांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, देवाची प्रार्थना. कारण बारामतीत ही नोकरी मागताना, माझे वडील हेडमास्तर आहेत असं मी सांगून बसलो होतो.

"काय म्हनला रं सायेब?"

"आवडलं म्हणाले, तात्या."

"मग एक मेंढरूबी ने म्हनावं. यंतरापरास बरं वरडतं!"

तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो.

इथं लंडनला साहेबांच्या संस्थेत माझं काम शब्दांचं, संगीतातल्या शब्दांच्या व्याख्या लिहायचं. गाण्याखाली अखंड वाहणाऱ्या सुराला ड्रोन म्हणतात. दोन गळे एकाच सुरावर असले तरी ज्या गुणामुळं वेगळे ओळखू येतात, तो टँबर. व्याख्या लिहिता लिहिता कानाला हेडफोन लावतो. खिडकीबाहेर धुकं असतं, आत भीमाकाठचं ऊन पसरत जातं, मेंढरांच्या पाठी हलत हलत माझ्या टेबलापर्यंत येतात. ड्रोन म्हटलं की मला लहानपणी घोंगडीत, तात्यांच्या छातीला कान लावून ऐकलेली घुमघुम आठवते. व्याख्येत ती बसत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात मराठी जाणणारे एक प्राध्यापक ती फीत ऐकायला येणार होते. मी घाबरलो. ब्लेडनं शेवटची दोन हात फीत कापली, शेगडीत टाकली आणि फितीच्या नोंदीच्या कार्डावर लिहिलं: गायक अज्ञात.

तुझं परवाचं पत्र आलं. तात्या विचारतात, "तितं माजं नाव घेत्यात का रं?" त्या एका ओळीनं मला बसू दिलं नाही. साहेबांपुढं जाऊन सगळं कबूल केलं. मग त्यांनी कार्ड पुढं सरकवलं. मी लिहिलं: मारुती बिरू, धनगर, पळसदेव, माझे वडील. नाव कागदावर आलं, पण ते घेणारा तात्यांचा आवाज गेला तो गेलाच.

घर म्हणजे पळसदेव, असं मी इथल्या लोकांना सांगत आलो. आता वाटतं, जिथं माझ्या खोट्याचा हिशेब मागायचा हक्क कुणाला तरी आहे, ते घर.

हे पत्र तात्यांना वाचून दाखवू नकोस. चैत्रात मी येतोय. त्यांच्यासमोर बसून हे माझ्या तोंडानं सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.