ओल्या गोठ्यातली ठिणगी

मी इंदापूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. भुताखेतांचे किस्से इथं वाचते ते निव्वळ हसायला... आज स्वतःचा लिहितेय, हसा हवं तर.

आमचं घर डाळजला. गेल्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण मीनल बंगळुरूहून आली. ती उपग्रहांवर काम करते. हुशार दोघीही होतो, पण माझं लग्न आधी उरकलं — खरं सांगते, तिला बघून माझा जळफळाट होतो. नोकरीचं एक वेळ सोडा, पण माझी सई, नुकती दहावी झालेली, सारखी मावशीच्या मागेमागे! ते मला सोसेना.

त्या दुपारी मी गोठा धुवून काढला होता. तिघीही अनवाणी, पायाखाली पाणी. सईनं विचारलं, "मावशी, उपग्रहाच्या अंगावर चार्ज कुठनं येतो गं?"

"भोवती प्लाझ्मा असतो ना, सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन. इलेक्ट्रॉन हलके, चपळ, ते आधी येऊन चिकटतात. उन्हातली बाजू ते सोडून देते, सावलीतली धरून बसते. फरक फार वाढला की ठिणगी... यंत्रंसुद्धा बिघडतात. चार्ज उतरायला तिथं जमीन कुठंय?"

हेच स्टॅटिक मी वर्षानुवर्षं शिकवते. सईनं माझ्याकडे असं डोळे मोठे करून कधी पाहिलं नाही.

"मी तुझ्याकडंच राहू का शिकायला?"

"ये की!" — मला न विचारता!

माझं डोकंच फिरलं. "घरात चल आधी," म्हणत मी सईचं मनगट धरायला गेले, आणि बोट टेकायच्या आतच... चट्ट! चांगली निळी ठिणगी. म्हैस दावं ओढून मागे सरली. सई किंचाळली आणि मीनलच्या पाठीमागे लपली. माझ्यापासून लपली!

आमचे हे धावत आले. "आगं, लाईट सकाळपासनं न्हाय हितं, करंट कुठनं यील?"

इन्व्हर्टर आमच्याकडे नाही. आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगावर चार्ज टिकतच नाही. मीनल पायाखालच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "ताई, असं व्हायला नको." सईच्या मनगटावर लाल ठिपका मात्र उठला होता.

कारण मला आजही सापडलेलं नाही, मीनललाही नाही. सई आता तिच्याकडे राहून शिकते. सुट्टीत आली की आधी बोटाची मागची बाजू माझ्या हाताला हळूच लावून बघते, मग जवळ येते. परवा मीनल तिला सोडायला आली होती. परत निघाली तेव्हा सई धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली... तिला नाही चाचपून बघितलं.