खाट पाच वाजेपर्यंत राखीव

विनातक्रार पार पडणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा वीणाला संशय येत असे, आणि पन्नास वर्षांत तो क्वचितच खोटा ठरला होता. तरी त्या गुरुवारी ती फसली. तिचा धाकटा भाऊ श्रीहरी सकाळी आठला अंघोळ करून, भांग पाडून, शर्ट खोचून राजाजीनगरच्या घराच्या पायरीवर बॅग घेऊन बसला होता. ज्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं म्हणून दोन महिने तिनं जंग जंग पछाडलं, तोच म्हणाला, "चल की अक्का, उशीर कशाला?" तिनं तिथंच ओळखायला हवं होतं.

केंद्र कनकपुरा रस्त्याला, शहराच्या बाहेर. तीन महिने तिथंच राहायचं. खाट रिकामी होण्यासाठी सात आठवडे वाट पाहिली होती. टॅक्सीत श्रीहरी पुढं बसून ड्रायव्हरला कन्नडात भाषण देत होता, की माणसानं मनावर घेतलं तर काय होत नाही. मागं भागुबाई, म्हणजे या दोघांची आई, मांडीवर चिवड्याचा डबा धरून ताकास तूर न लागू देता खिडकीबाहेर बघत होती.

केंद्रात रक्षिता नावाच्या समुपदेशक बाईंनी श्रीहरीपुढं एक छोटं यंत्र धरलं. "फुंका." त्यानं फुंकलं. बाईंनी आकडा पाहिला आणि उघडलेली फाइल मिटली.

"आज सकाळी किती घेतली?"

श्रीहरीनं आईकडं पाहिलं. आईनं चिवड्याच्या डब्याकडं.

"जास्त न्हाई वो," भागुबाई म्हणाली. "पेल्यातनं दिली मीच. हात लई थरथराय लागलेले त्याचे. म्हटलं, तेवढी पोटात असली म्हंजे गप गाडीत बसंल. शेवटचीच की!"

वीणानं कपाळाला हात लावला. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही घालावं, तशी या माउलीनं व्यसनमुक्तीला निघालेल्या मुलाला रम पाजली होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात हे तिला ठाऊक होतं, पण त्यातलं एक विघ्न तिच्याच टॅक्सीत, तिच्याच शेजारी बसून आलं होतं.

"स्वल्प वेट माडी, मेडम, थोडं थांबा," रक्षिता शांतपणे म्हणाली. दारू चढलेल्या माणसाची सही चालत नाही, त्यानं शुद्धीवर येऊन, कागद समजून घेऊन स्वतः करावी लागते. खाट पाच वाजेपर्यंत राखून ठेवते, त्यानंतर यादीतल्या पुढच्या माणसाला फोन जाईल. घड्याळात साडेदहा झाले होते.

तिघं बाकावर बसली. दुसऱ्याची दारू उतरायची वाट बघत बसणं हे वीणाला नवीन नव्हतं. वडील निपाणीहून इथं सरकारी कारखान्यात आले, आणि ती बावीसची, श्रीहरी चौदाचा असताना गेले. तेव्हापासून मल्लेश्वरमच्या कॉलेजच्या ऑफिसात ती नोकरी करत होती. तिथं प्रोफेसरसुद्धा तिच्या टेबलासमोर उभे राहून फॉर्म दुसऱ्यांदा भरत. तिचं लग्न राहून गेलं असं नातेवाईक म्हणत. तिच्या मते राहून काही गेलं नव्हतं, श्रीहरीच्या पायी वेळच मिळाला नव्हता. त्याची बायको मुलीला घेऊन हुबळीला माहेरी निघून गेली, तेव्हाही तिला गाडीत बसवून द्यायला वीणाच गेली होती. तो कामाला गेला नाही की त्याच्या कारखान्यात फोनही तीच करी. ताप आहे, कावीळ आहे, निपाणीचे काका वारले. हे काका अकरा वर्षांत चार वेळा वारले होते आणि अजून भाकरी मोडून खात होते.

एक वाजता श्रीहरीचं भाषण थांबलं. दोनला त्याच्या कपाळावर घाम आला. नर्सनं दोनदा रक्तदाब पाहिला, दाखल झाला की डॉक्टर लगेच औषध सुरू करतील म्हणाली. तीनला तो वीणाकडं न बघता म्हणाला, "अक्का, घरी जाऊया. सोमवारी येतो. देवाशप्पथ."

"एवढं म्हणतोय तर सोमवारी आणू की गं," भागुबाई म्हणाली.

"आई, तू चिवडा खा!" वीणा ओरडली. "तोंडात काहीतरी असलं म्हणजे बोलायचं तरी थांबशील!"

सव्वाचारला यंत्रात शून्य आलं. रक्षितानं फॉर्म समजावून सांगितला, टेबलावर ठेवला आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. श्रीहरीनं पेन उचललं. हात असा हलत होता की पेन टेबलावर टकटक वाजलं. त्यानं ते खाली ठेवलं आणि कागद बहिणीकडं सरकवला.

"तू कर अक्का. मग मी जातो आत."

"कर की," आई कुजबुजली. "त्याच्या रजेच्या अर्जावर तूच करतीस न्हवं? कोण बघतंय?"

वीणानं पेन हातात घेतलं. भावाची सही ती त्याच्यापेक्षा झोकदार करत असे. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, घोडं गंगेत न्हालं असतं. पेनाचं टोक कागदाला टेकलंसुद्धा. मग तिला भयंकर संताप आला. त्याचा, आईचा, आणि सगळ्यात जास्त आपल्या त्या सराईत हाताचा.

"नाही करत," ती म्हणाली. "तू प्यायचं आणि मी सह्या करायच्या, असं किती वर्षं चालायचं रे? जायचं असेल तर जा. दार उघडं आहे, समोर बस थांबते. मी अडवणार नाही."

श्रीहरी उठला. दारापर्यंत गेला. भागुबाई त्याच्यामागं उठायला लागली, तेव्हा वीणानं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. तो बाहेरच्या रस्त्याकडं बघत उभा राहिला. एक बस आली, गेली. वीणा जागची हलली नाही. तो खरंच गेला तर आपण हलणार नाही, हे तिला कळत होतं आणि त्याची तिला भीती वाटत होती.

रक्षिता परत आली तेव्हा तो खुर्चीत येऊन बसला होता. सही घेण्याआधी एक प्रश्न विचारायची तिथली पद्धत होती. का आलात? सकाळी टॅक्सीत याचं लांबलचक उत्तर त्याच्याकडं होतं, त्यात मुलगीही होती आणि देवही.

"मला इथं राहायचं न्हाई," श्रीहरी म्हणाला. "पण आत्ता घरी निघालो तर वाटेत उतरून पिणार. अक्काला मला थांबवता येत न्हाई. मलाबी येत न्हाई. म्हणून आलोय."

त्यानं सही केली. अक्षरं ओळ सोडून वर गेली, शेवटचं तर चौकटीबाहेर गेलं. रक्षितानं कागद फाइलला लावला, नर्स त्याला घेऊन आत गेली. पाचला वीस मिनिटं होती.

"जेवण कितीला देता?" वीणानं विचारलं. "सकाळी तो हाक मारून उठत नाही, हलवावं लागतं. आणि गोळ्या तो गिळल्यासारखं करतो, तोंड उघडून बघावं लागतं."

"मेडम, ते आता आम्ही बघतो," रक्षिता म्हणाली. "तुम्ही निघा."

दोघी गेटाबाहेर आल्या. भागुबाईनं डबा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"आता घरी जाऊन काय करायचं गं?"

वीणानं तिला झापायला तोंड उघडलं. पण घरी आता हलवून उठवायला, सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. आणि याचा तिला इतका राग आला, की तिथं रस्त्याच्या कडेला, उभ्या रिक्षावाल्यांच्या देखत, तिला रडू फुटलं.