आवाज न करणारा कोट

बायको गेली तेव्हा ऊन कडक होतं. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावाला गेले आणि घरात मी एकटा उरलो. जेवण जात न्हाई, झोप लागत न्हाई, कुणाशी बोलावं वाटत न्हाई. सोमवारी तेवढा मी घराबाहेर पडायचो.

बिदरच्या बाहेर एक गोल्फचं मैदान हाय. तिथं साहेबलोकांच्या बॅगा वाहण्यात माझा जन्म गेला. आम्हाला कॅडी म्हणतात. सोमवारी मैदान साहेबांना बंद असतं. त्या दिवशी आम्ही कॅडी लोक त्यांनी टाकून दिलेल्या काठ्या घेऊन खेळतो. आता खांदा गेलाय, बॅग उचलत न्हाई, पण सोमवारचा खेळ सोडला न्हाई. तिथं कुणी माझं सांत्वन करायला येत न्हाई. बॉल झुडपात गेला तर शिव्या देतात, आणि ते मला बरं वाटतं.

पावसाळा लागला. पावसात आम्ही पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन खेळतो. मारायच्या वेळी खोळ खाली ठेवायची, मारायचं, परत घ्यायची. तेवढ्यात भिजायचं ते भिजतोच. जवान माणसाला काही होत न्हाई. मला झालं. छाती भरली, दवाखान्यात पडलो. मुलगी गुलबर्ग्याहून धावत आली. घरी आल्यावर म्हणाली, "अप्पा, घराला कुलूप लावा आन् माझ्याकडं चला."

मी न्हाई म्हणलो. तिनं कामून म्हणून विचारलं. मी म्हणलो, सोमवार. हसावं का रडावं तिला कळेना. आई जाऊन किती दिवस झालेत आणि तुम्हाला खेळाचं पडलंय, असं काय काय बोलली. मी ऐकून घेतलं. शेवटी तिनंच अट घातली. पावसात अंग कोरडं राहील असा कपडा घ्यायचा. तो घालून खेळून यायचं. घरी आल्यावर ती शर्टाला हात लावून बघणार. वाळलेला निघाला तर राहा इथंच. वला निघाला तर त्याच दिवशी कुलूप.

मी कबूल झालो. तपासणीसाठी गुलबर्ग्याला जायचंच होतं, तेव्हा दोघं दुकानं बघत फिरलो.

पहिल्या दुकानात मोटारसायकलवाल्यांचा जाड रबरी कोट दाखवला. पाणी आत जायची बिशाद न्हाई, पण घाम बी बाहेर येत न्हाई. बगलेत इतका घट्ट, की हात वर होईना. हातच वर जात न्हाई तर मारणार काय. दुसरीकडं पातळ प्लास्टिकचा होता. जरा हललं की चुरचुर वाजायचा. मुलगी म्हणाली, वाजू द्या की, पावसात कोण ऐकायलंय. तिला सांगितलं, बाई, दुसरा माणूस मारायला उभा राहिला की तिथं खोकायचं बी नसतं. त्याच्या कानाशी प्लास्टिक वाजलं तर बॉल नाल्यात जाईल आणि तो माणूस माझ्या अंगावर धावून येईल.

साहेबांचे पावसाळी कपडे मी जन्मभर घड्या घालून बॅगेत ठेवलेत. मऊ असतात. कोट वेगळा, पँट वेगळी. बगलेत सैल. मनगटावर आवळायला पट्टी असते, म्हणजे हात वर केला तरी पाणी बाहीतून आत उतरत न्हाई. चेनीवर कापडाचं झाकण. असं सगळं मी सांगायचो आणि दुकानदार माझ्या पायातल्या चपलेकडं बघायचे.

बाजाराच्या टोकाला एक दुकान मिळालं. तिथं मी आधी पंखा बंद करायला लावला. कोट चढवला, तिथलीच एक छत्री घेतली, पाय रोवले आणि बॉल मारल्यासारखी फिरवली. ऐकलं. थोडा वाजला. दुसरा मागितला. परत छत्री फिरवली. तिसरा मागितला. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मुलगी लाजून बाजूला सरकली. दुकानदार म्हणाला, "चाचा, बारिश का कोट है, बजाने का बाजा नै."

बाजा नको म्हणूनच पंखा बंद केला, असं मी म्हणलो. तो हसला आणि आतून एक निळा जोड घेऊन आला. बाहेरून कापडासारखा, आतून बारीक जाळी. फिरवून बघितलं. छत्रीचा आवाज आला, कोटाचा न्हाई.

मग त्यानं साइज विचारली. मी मागं वळलो. शर्ट असो, बनियन असो, माझं माप बायकोला ठाऊक असायचं. मी दुकानात नुसता उभा राहायचो, ती सांगायची. मागं मुलगी उभी होती. तिला माप ठाऊक नव्हतं. मला बी नव्हतं. दुकानदारानं टेप काढला आणि माझ्या छातीभोवती धरला. मुलगी रस्त्याकडं बघत राहिली. मी बी तिच्याकडं बघितलं न्हाई.

सोमवारी सकाळपासून धार लागली होती. मुलगी आदल्या दिवशीच येऊन बसली होती. मैदानावर मला बघून एकानं सलाम ठोकला. दुसरा म्हणाला, "काय साहेब, आज बॅग कुणी उचलायची तुमची?" मी दोघांना बी शिव्या घातल्या. आमच्या मैदानात भोकाभोवती गवत न्हाई, तेल घातलेली वाळू असते. पावसानं ती जड झाली होती, बॉल मधेच थांबायचा. मी हरलो. पण कोट वाजला न्हाई.

घरी आलो. मुलीनं कोट काढायला लावला आणि शर्टाच्या आत पाठीवरून हात फिरवला, लेकराचा ताप बघतात तसा. कॉलर बघितली, बगल बघितली. वाळलेला होता. ती आपले कपडे बॅगेत भरायला लागली. मी म्हणलो, उद्या जा. पोरांची शाळा हाय म्हणाली. बसवर सोडून परत आलो. जिंकलो होतो, आणि वाटेत पाय उचलत नव्हते.

तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. शर्ट वाळलेला होता का, एवढंच विचारते. मी व्हय म्हणतो. मागच्या सोमवारी चांगलं ऊन पडलं होतं. मी सकाळी उठून बसलो, काठ्यांकडं बघितलं आणि परत आडवा झालो. फोन आल्यावर सांगितलं, आज गेलोच न्हाई.

"पाऊस तर नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"मग कामून न्हाई गेलात?"

"कंटाळा आलाय, बाई."

मग म्हणाली, "रविवारी येते. कुलूप लावायला न्हाई. नुसती येते."

"ये," मी म्हणलो.